तिरका दगड, गोल खड्डा: चंद्राच्या विवरांवरच्या सहा आक्षेपांना उत्तर

चंद्राचा फोटो, त्यावर लाल बाण आणि खाली लांबलचक मजकूर अशा रूपात एक दावा पुन्हा पुन्हा फिरत असतो. चंद्रावरची विवरं अवकाशातून आदळलेल्या दगडांनी झालेलीच नाहीत, असं त्याचं म्हणणं. कारणं सहा दिली जातात. दगड सगळ्या दिशांनी तिरके येणार, मग खड्डे लांबट हवेत. ते तर कंपासनं काढल्यासारखे गोल आहेत. दगड आदळला असेल तर तो खड्ड्यात सापडायला हवा, सापडत नाही. मोठ्या दगडानं खोल खड्डा पडायला हवा. पण मोठी विवरं परातीसारखी उथळ, आणि वर मधोमध डोंगर. लहान विवरं मोठ्यांच्या नेमक्या काठावर बसलेली दिसतात. धातूवर विजेची ठिणगी पाडली की हुबेहूब असेच खड्डे पडतात, म्हणजे हे काम अवकाशातल्या विजांचं. आणि शेवटी, असं विवर पडताना कुणी पाहिलंय का?

यातले बरेचसे प्रश्न मूर्खपणाचे नाहीत. पहिल्या प्रश्नानं तर ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टसारख्या पट्टीच्या भूवैज्ञानिकालाही 1890च्या दशकात अडवलं होतं. गफलत आहे ती प्रश्न विचारताना डोळ्यांपुढे असलेल्या चित्रात: वाळूत टाकलेली गोटी, लाकडात घुसलेली गोळी. ही सगळी उदाहरणं सेकंदाला काही मीटर ते जेमतेम एखादा किलोमीटर वेगाची आहेत. तिथे दगड दगडच राहतो आणि समोरच्या वस्तूत वाट काढत जातो. म्हणून मुद्द्यांना हात घालण्याआधी वेगाचा हिशेब मांडायला हवा. सहापैकी निम्मे आक्षेप तिथेच ढिले पडतात.

चंद्राचा मुक्तिवेग सेकंदाला 2.38 किलोमीटर आहे. सूर्याभोवती फिरणारी वस्तू चंद्रावर पडली तर ती साधारण याहून कमी वेगानं पडत नाही. लघुग्रहांच्या बाबतीत हा वेग बहुधा 15 ते 20 किलोमीटरच्या घरात असतो. सेकंदाला 3 किलोमीटर वेगाच्या एक किलो वस्तूत 45 लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. एक किलो टीएनटीच्या स्फोटातून सुमारे 42 लाख ज्यूल निघतात. म्हणजे 3 किलोमीटरलाच साधा दगड आपल्या वजनाच्या स्फोटकाला मागे टाकतो. वेग पाचपट, 15 किलोमीटर केला की ऊर्जा पंचवीसपट होते: किलोमागे 11 कोटी 25 लाख ज्यूल, टीएनटीच्या जवळपास 27 पट.

दाबाचा हिशेब याहून बोलका आहे. ग्रॅनाइटवर ग्रॅनाइट, सेकंदाला 15 किलोमीटरनं. दोन्हीकडे एकच खडक असल्यामुळे संपर्काच्या जागी कणांचा वेग बरोबर निम्मा, 7.5 किलोमीटर. ग्रॅनाइटमधल्या आघाततरंगाचा, म्हणजे धडकेनं खडकातून पसरणाऱ्या दाबाच्या लाटेचा वेग मोजमापांवरून असा मिळतो: 3.68 अधिक 1.24 गुणिले कणवेग, म्हणजे इथे सुमारे 13 किलोमीटर. दाब म्हणजे घनता गुणिले तरंगाचा वेग गुणिले कणवेग. 2,630 गुणिले 13,000 गुणिले 7,500. उत्तर 250 गिगापास्कलच्या आसपास. सूत्र इथे जरा ताणलेलं आहे, पण अंदाजाला पुरतं. ग्रॅनाइट चिरडायला 0.2 गिगापास्कल पुरे होतात. दाब ताकदीच्या हजारपटीहून जास्त असेल तर खडक 'कठीण' आहे या म्हणण्याला अर्थच उरत नाही. तो काही काळ द्रवासारखा वागतो, आणि दाब उतरताना त्यातला बराच भाग खरोखरच वितळतो, काही वाफ होतो.

'दगड तिरके येतात, मग खड्डे गोल कसे?'

हा सगळ्यात चांगला आक्षेप आहे, म्हणून त्याला जास्त जागा.

500 मीटरचा दगड सेकंदाला 15 किलोमीटरनं आला तर स्वतःच्या लांबीइतकं अंतर कापायला त्याला सेकंदाचा तिसावा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात तो पृष्ठभागाखाली फार तर आपल्या व्यासाच्या एक-दोन पट उतरतो आणि जवळजवळ सगळी ऊर्जा तिथे सोडून देतो. दगडाची भूमिका इथे संपली. खड्डा मात्र अजून पडायचाच आहे. आघाततरंग त्या जागेपासून अर्धगोलासारखा पसरतो, त्याच्या मागे खडक बाहेर आणि वर सरकू लागतो, आणि गुरुत्वाकर्षण त्याला आवरेपर्यंत विवर वाढत राहतं. हा काळ ढोबळमानानं व्यास भागिले गुरुत्वत्वरण, त्याचं वर्गमूळ. चंद्रावर 10 किलोमीटरच्या विवराला तो सव्वा मिनिटाच्या पुढे जातो. म्हणजे खोदकाम दगडाच्या संपर्काच्या दोन हजार पटींहून जास्त वेळ चालतं. विवराचा व्यास दगडाच्या 10 ते 20 पट होतो, आणि दगड कुठून आला हे त्या वाढत्या अर्धगोलाला केव्हाच विसरायला झालेलं असतं. जमिनीत थोड्या खोलीवर पुरलेला सुरुंग फुटला तर त्याची पेटी चौकोनी होती की लंबगोल, हे खड्ड्यावरून सांगता येत नाही. तोच प्रकार.

याउलट गोळी, बाण किंवा गोटी यांनी केलेलं भोक जवळपास त्यांच्याच जाडीचं असतं. तिथे दिशा टिकते. तेव्हा कसोटीचा प्रश्न एवढाच: खड्डा आदळणाऱ्या वस्तूच्या किती पट मोठा आहे? तो जितका मोठा तितका गोल.

आता 'तिरका' म्हणजे किती तिरका, तेही मोजू. सगळ्या दिशांनी सारख्याच प्रमाणात येणाऱ्या दगडांसाठी अमुक कोनापेक्षा कमी कोनात आदळण्याची शक्यता म्हणजे त्या कोनाच्या साइनचा वर्ग. कोन जमिनीपासून मोजायचा. 45 अंशांखाली निम्मे आघात, 30 खाली चौथा हिस्सा, 15 खाली फक्त 6.7 टक्के, 10 खाली 3 टक्के. सरळ डोक्यावरून येणारे दगड जवळपास नसतातच. इथपर्यंत आक्षेप घेणाऱ्यांचं बरोबर आहे. पण अगदी सरपटत येणारेही फार थोडे.

कोणत्या कोनाखाली गोलाई मोडते? हे मोजायचं यंत्र कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात 1960च्या दशकापासून आहे: एम्स व्हर्टिकल गन रेंज. ही दोन टप्प्यांची लाइट गॅस गन. पहिल्या जाड नळीत बारूद पिस्टन ढकलते, पिस्टन हायड्रोजन दाबत नेतो, ठरलेल्या दाबाला धातूची पातळ चकती फाटते आणि तो वायू दुसऱ्या बारीक नळीतल्या गोळीला रेटतो. हायड्रोजनच का? कारण कोणताही वायू गोळीमागे किती वेगानं धावू शकेल हे त्याच्यातल्या ध्वनिवेगावर अवलंबून असतं. नेहमीच्या तापमानाला हवेत तो सेकंदाला 340 मीटर, हायड्रोजनमध्ये 1,300 च्या आसपास. अशानं काही मिलिमीटरची गोळी सेकंदाला 7 किलोमीटरपर्यंत नेता येते.

या यंत्राची खरी करामत वेगात नाही, त्याच्या बिजागरीत आहे. सगळी तोफ आडव्यापासून उभ्यापर्यंत 15-15 अंशांच्या टप्प्यांनी वळते आणि वाळूचं पिंप मात्र सपाटच राहतं. हे उलटं करता येत नाही. तोफ स्थिर ठेवून पिंप तिरकं केलं तर वाळू ओघळेल, आणि विवराची वाढ थांबवणारं गुरुत्वाकर्षण चुकीच्या बाजूला खेचत राहील.

प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा दुसरीकडेच. गोळी नळीत नीट बसावी म्हणून तिला सॅबो नावाचं प्लास्टिकचं खोळ असतं. ते वाटेत गळून पडलं नाही तर त्याचे तुकडेही लक्ष्यावर बसतात आणि एका खड्ड्याऐवजी खड्ड्यांचा घोळका मिळतो. लक्ष्य ज्या टाकीत ठेवतात तिच्यातली हवा पुरेशी उपसली नाही तर तोफेच्या तोंडातून आलेला वायू बारीक वाळूला फुंकर घालतो आणि उडालेल्या मालाचा पडदा वाकतो. पिंप लहान असेल तर भिंतीवरून परतलेला तरंग वाढत्या विवराला येऊन भिडतो. टाकीत हवा ठेवून, छोट्या भांड्यात केलेले चित्रफितींमधले प्रयोग 'हा बघा पुरावा' म्हणून दाखवले जातात तेव्हा हे तिन्ही तपासावेत.

डोनाल्ड गॉल्ट आणि जॉन वेडेकाइंड यांनी याच तोफेवर केलेले तिरप्या आघातांचे निष्कर्ष 1978 साली प्रसिद्ध केले. पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या गोळीचं वजन 0.36 ग्रॅम. सेकंदाला 5 किलोमीटरला तिची ऊर्जा साडेचार हजार ज्यूल, जेमतेम एक ग्रॅम टीएनटीइतकी. सरळ मारली तर ती वाळूत 25 ते 30 सेंटिमीटरचा खड्डा करते, स्वतःच्या चाळीसपट. तोफ वाकवत गेलं की खड्डा लहान आणि उथळ होत जातो, पण गोलच राहतो; जमिनीपासून 15 अंशांच्या आसपास आणि त्याखाली गेल्यावरच तो लांबू लागतो. चंद्र, मंगळ आणि शुक्र यांच्यावरच्या प्रत्यक्ष मोजणीत स्पष्ट लांबट विवरं सुमारे 5 टक्के भरतात. 12 अंशांखालच्या आघातांची शक्यता वरच्या सूत्रानं 4.3 टक्के येते. हे दोन आकडे एकमेकांना न विचारता जवळ आले आहेत.

म्हणजे लांबट विवरं आहेत. फोटोवरचे बाण त्यांच्याकडे वळवलेले नसतात इतकंच. चंद्रावरच्या मेअर फेकुंडिटाटिस या काळसर मैदानातली मेसिए आणि मेसिए-ए ही विवरांची जोडी पाहा. मेसिए लांबट आहे, त्याच्या दोन बाजूंना फुलपाखराच्या पंखांसारखा माल पसरला आहे, आणि शेजारच्या मेसिए-ए पासून दोन लांब किरण एकाच दिशेला निघतात. प्रयोगशाळेत अगदी सपाट कोनात गोळी मारली की हेच पंख मिळतात.

त्याहून महत्त्वाचं असं की, विवर गोल असलं तरी दिशा पुसली जात नाही. ती उडालेल्या मालात उरते. सुमारे 45 अंशांखाली मालाचा पसारा एकांगी होऊ लागतो, आणि आणखी खाली गेलं की दगड ज्या बाजूनं आला तिकडे माल पडतच नाही. 28 किलोमीटरचं प्रोक्लस विवर साध्या दुर्बिणीतूनही दिसतं: विवर बहुतांशी गोल, किरण तीन बाजूंना, नैर्ऋत्येला मात्र एक मोकळी पाचर. आक्षेप घेणाऱ्यांना हवा असलेला 'तिरकेपणा' तिथे लखलखीत दिसतो.

गोलाई मोडणारं आणखी एक कारण आहे, आणि त्याचा कोनाशी संबंध नाही. अॅरिझोनातलं मिटिअर क्रेटर वरून पाहिलं तर कोपरे असलेला चौकोन वाटतो, कारण तिथल्या खडकात आधीपासून एकमेकींना छेदणाऱ्या भेगांच्या ओळी होत्या. जपानच्या हायाबुसा-2 यानानं 5 एप्रिल 2019 रोजी र्‍युगू लघुग्रहावर 2 किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला 2 किलोमीटरनं मारला. पडलेलं विवर 14 मीटरच्या वर गेलं आणि अर्धवर्तुळाकार निघालं. एका बाजूला मोठा धोंडा वाढीच्या आड आला होता. आकारावर छाप लक्ष्याची पडते, आलेल्या दगडाची क्वचितच.

बिचाऱ्या गिल्बर्टकडे यातलं काहीच नव्हतं. त्यानं हाताशी असलेल्या कमी वेगांचे प्रयोग केले, तिरप्या आघातांनी लांबट खड्डे पडतात असं पाहिलं, आणि 1893 साली चंद्राच्या विवरांना आघाताचं कारण देताना गोलाई सांभाळण्यासाठी पृथ्वीभोवती लहान चंद्रांचं कडं कल्पिलं, म्हणजे ते सरळ पडतील. निष्कर्ष बरोबर, पण त्यासाठी उभारलेल्या कड्याची गरजच नव्हती.

'दगड कुठे गेला?'

या प्रश्नावर एका माणसाची पाव शतकाची मेहनत आणि मोठी संपत्ती गेली. डॅनियल बॅरिंजर या खाण अभियंत्यानं 1903 पासून मिटिअर क्रेटरखाली पुरलेला लोखंडी गोळा शोधायला सुरुवात केली. त्याचा अंदाज 10 कोटी टनांचा. आधी विवराच्या मध्यभागी भोकं पाडली, काही मिळेना. मग चिखलात रायफलच्या तिरप्या गोळ्यांनीही गोल खड्डे पडतात हे त्यानं पाहिलं (आपला पहिला मुद्दा!), आणि दगड तिरका येऊन काठाखाली गेला असेल म्हणून दक्षिण काठावर खोदाई नेली. ड्रिल 1,376 फुटांवर अडकलं. 1929 साली खगोलशास्त्रज्ञ फॉरेस्ट मोल्टन यांनी हिशेब करून दाखवला की एवढ्या विवराला फार लहान, तीन लाख टनांचा गोळा पुरतो आणि आघातात त्याचाही बहुतेक भाग नाहीसा होतो. आजच्या अंदाजानुसार तो सुमारे 50 मीटरचा होता आणि विवर 1.2 किलोमीटरचं.

250 गिगापास्कलचं गणित इथे पुन्हा लागू होतं. आघाततरंग दगडातून मागे जाऊन त्याच्या पाठीवर पोचतो, तिथून परतताना दाब एकदम उतरतो, आणि दाबात साठलेली उष्णता दगडातच राहते. वितळलेला, वाफ झालेला दगड उडणाऱ्या मालात मिसळतो. म्हणून तो ढेकळाच्या रूपात न शोधता रसायनात शोधावा लागतो. पृथ्वीच्या कवचात इरिडियम हे धातूचं मूलद्रव्य नगण्य असतं आणि उल्कांमध्ये भरपूर. आघातात वितळलेल्या खडकात ते वाढलेलं सापडतं. अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या मातीतही एक ते दोन टक्के माल उल्कांचा आहे. 'चंद्रावर दगड सापडत नाहीत' याचं उत्तर चंद्राची मातीच देते.

हेच छोट्या प्रमाणावर नासाच्या एलडीईएफ उपग्रहावर दिसलं. एप्रिल 1984 ते जानेवारी 1990 अवकाशात राहून परत आणलेल्या या उपग्रहावर 30 हजारांहून जास्त सूक्ष्म आघातांच्या खुणा मोजल्या गेल्या. धातूतल्या खड्ड्यांच्या तळाशी अनेकदा आदळलेल्या कणाचं पातळ वितळलेलं अस्तर मिळालं. त्यावरून तो धुळीचा कण होता की रॉकेटचा कचरा, हे ओळखता आलं. तिथे कण अख्खा शोधायला कुणी बसलं नाही.

दगड कधी वाचतो? दाब कमी ठेवला तर. स्टारडस्ट यानानं जानेवारी 2004 मध्ये वाइल्ड-2 धूमकेतूची धूळ सेकंदाला 6.1 किलोमीटरनं गोळा केली ती एरोजेलमध्ये, म्हणजे अतिशय विरळ काचेच्या फेसात. कणांनी गाजरासारख्या लांब वाटा केल्या आणि टोकाशी काही कण टिकले. त्याच ताटाच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर मात्र त्याच कणांनी खड्डे केले आणि स्वतःची वाट लावून घेतली. वेग तोच, बदललं ते लक्ष्य.

अपवादही नोंदवायला हवा. दक्षिण आफ्रिकेतल्या मोरोक्वेंग या 70 किलोमीटरच्या विवरात साडेसातशे मीटरांहून खोल ड्रिलिंग करताना उल्केचा 25 सेंटिमीटरचा तुकडा सापडला. 2006 साली ते प्रसिद्ध झालं. एवढ्या मोठ्या विवरात असं काही टिकेल याची अपेक्षा नव्हती. बहुतेक दगड नाहीसा होतो, सगळा नेहमीच होतो असं नाही.

'मोठी विवरं उथळ का, आणि मधे डोंगर कशाला?'

लहान, ताजी विवरं वाटीसारखी असतात. खोली व्यासाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. चंद्रावरच्या 85 किलोमीटरच्या टायको विवराची खोली मात्र पावणेपाच किलोमीटरच्या घरात, म्हणजे अठरावा हिस्सा. मोठ्या दगडानं सुरुवातीला खोल खड्डा केलाच होता. तो टिकला नाही. खड्डा जितका मोठा, तितकं त्याच्या भिंतींचं स्वतःचं वजन खडकाच्या ताकदीला भारी पडतं. भिंती पायऱ्या-पायऱ्यांनी आत घसरतात, तळ वर उसळतो. टायकोच्या मधला सुमारे दोन किलोमीटरचा डोंगर म्हणजे खालून वर आलेला तळच.

याची परीक्षा सोपी आहे. वजनामुळे असं होत असेल तर जिथे गुरुत्वाकर्षण जास्त तिथे ते लहान विवरातच व्हायला हवं. चंद्रावर वाटीचं रूपांतर सपाट तळ आणि डोंगरात होतं ते 15 ते 20 किलोमीटर व्यासाला. पृथ्वीवर, सहापट गुरुत्वाकर्षणात, 2 ते 4 किलोमीटरला.

मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या चिक्शुलूब विवरात 2016 साली आतल्या डोंगरांच्या वलयात भोक पाडलं गेलं. समुद्रतळाखाली साडेसातशे मीटरांच्या आसपास ग्रॅनाइट लागला. मुळात तो 8 ते 10 किलोमीटर खोल कवचातला. काही मिनिटांत कवचाचा एवढा तुकडा वर येतो, पसरतो आणि गोठतो. खडक त्या थोड्या वेळापुरता इतका सैल का होतो, याची मांडणी 'जे मेलॉश' या शास्त्रज्ञानं 1979 साली केली: तुकड्या-तुकड्यांत झालेल्या खडकात उरलेली जोरदार कंपनं त्यांच्यातलं घर्षण क्षणोक्षणी सोडवत राहतात. तपशिलांवर मतभेद आहेत. खडक वाहिला यावर नाहीत.

'लहान विवरं नेमकी मोठ्यांच्या काठावर'

विवराच्या काठाला त्रिज्येच्या 15 टक्के आत आणि 15 टक्के बाहेर असा पट्टा धरा. त्याचं क्षेत्रफळ 1.15 चा वर्ग वजा 0.85 चा वर्ग, म्हणजे अख्ख्या विवराच्या 60 टक्के. डोळे मिटून टिंबं टाकली तरी भरपूर टिंबं 'काठावर' पडतील. शिवाय काठ उंच, सावल्या लांब, तिथलं विवर नजरेत भरतं. आणि मोठं विवर लहानावर पडलं तर लहान उरतच नाही. उरलेल्यांतूनच 'नेहमी' हा शब्द निघतो.

'ठिणगीनं असेच खड्डे पडतात'

दिसण्यात पडतात, हे खरं. ठिणगीनं धातू कापणाऱ्या यंत्रात मायक्रॉन ते मिलिमीटरचे गोल, कडा उचललेले खड्डे होतात. पण तिथे गुरुत्वाकर्षणाला काही कामच नाही. ठिणगीच्या खड्ड्यात मधे फुगवटा असला तर चंद्रावर तो 15 किलोमीटरांच्या पुढेच का येतो आणि पृथ्वीवर 2 ते 4 लाच का, याचं उत्तर त्यात नाही.

खडकाच्या आत पाहिलं की प्रकरण आणखी अडचणीचं होतं. 1960 साली एडवर्ड चाओ, युजीन शूमेकर आणि बेथ मॅडसन यांना मिटिअर क्रेटरच्या वाळूखडकात कोएसाइट सापडलं. क्वार्ट्झचं हे दाट रूप 1953 मध्ये लोरिंग कोस यांनी प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली बनवलं होतं. दोनच वर्षांत तिथेच याहून दाट स्टिशोव्हाइटही मिळालं. शिवाय क्वार्ट्झच्या दाण्यांत एकमेकांना समांतर अशा सूक्ष्म पट्ट्यांचे संच, जे साधारण 10 ते 35 गिगापास्कलच्या आघाततरंगात तयार होतात. बेसाल्टात क्वार्ट्झ जवळपास नसतो. तिथे हीच साक्ष फेल्डस्पार देतो. आघातानं तो न वितळता काचेसारखा होतो, मॅस्केलिनाइट. बेसाल्टातल्या लोणारला तो आहे आणि चंद्रावरून आणलेल्या दगडांतही.

वीज काय करते तेही तपासलेलं आहे. विजेनं वितळलेल्या खडकाच्या कडेला क्वार्ट्झमध्ये तशा पट्ट्या दिसल्या आहेत, पण काही मायक्रॉन जाडीच्या थरात. विवरांत त्या खडकाच्या अख्ख्या राशींमध्ये असतात.

मग काठाची रचना. मिटिअर क्रेटरच्या काठावर थर उलटे आहेत: मुळात सगळ्यात वर असलेला मोएनकोपीचा तांबडा थर आधी, त्यावर कैबाब, त्यावर सगळ्यात खालचा कोकोनिनो. पुस्तकाची पानं उलटावीत तशी ही घडी. शूमेकर यांना तीच नेवाडातल्या जमिनीखालच्या अणुचाचणीच्या विवरात दिसली होती. खालून रेटा आल्याशिवाय थर असे उलटत नाहीत. वरून पृष्ठभाग जाळत जाणारी वीज त्यांना उचलणार कशी? चंद्राचं कवचही खोलवर खिळखिळं आहे. नासाच्या ग्रेल यानांनी 2012 मध्ये केलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून त्यात सरासरी 12 टक्के पोकळी भरते, आणि ती काही किलोमीटर खोलपर्यंत जाते.

'होताना कुणी पाहिलंय?'

हो. 17 मार्च 2013 रोजी चंद्राच्या अंधाऱ्या भागावर लक्ष ठेवणाऱ्या नासाच्या दुर्बिणींनी मेअर इम्ब्रियममध्ये लख्ख उजेड टिपला. साधारण 40 किलोचा दगड होता. चंद्राभोवती फिरणाऱ्या ल्युनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंची तुलना करताना त्या जागी 18 मीटरचं नवं विवर मिळालं, गोल. याच यानाच्या आधी-नंतरच्या फोटोंच्या जोड्यांतून 2016 पर्यंत 222 नवी विवरं सापडली होती.

मंगळावर तर क्रम उलटा झाला. 24 डिसेंबर 2021 रोजी मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकानं 4 तीव्रतेचा धक्का नोंदवला. कारण कळलं ते नंतर, कक्षेतल्या कॅमेऱ्यांनी सुमारे 3,500 किलोमीटर दूर अमेझॉनिस मैदानावर नवं विवर दाखवलं तेव्हा: रुंदी 150 मीटर, खोली 21 मीटर, 37 किलोमीटरपर्यंत उडालेला माल, आणि काठाभोवती जमिनीखालून वर आलेले बर्फाचे पांढरे तुकडे.